प्लॅन वाढवला, पण कॅसेट काही लवकर जाईना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय. जागा नसेल तर कापा, पण राउटरच्या मागच्या पोर्टांबद्दल, म्हणजे केबल लावायच्या खाचांबद्दल, जे लिहिलंय तेवढं ठेवा, बाकीचं सगळं त्यासाठीच लिहिलंय.

मी नेरुळला राहते, सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये. तीसेक वर्षं हिशेबखात्यात नोकरी करून रिटायर झाले, त्यामुळे आकडे जुळले नाहीत की मला रात्री झोप लागत नाही, रोगच म्हणा ना. ह्या वेळी जुळत नव्हते ते आकडे म्हणजे एक इंटरनेटच्या बिलावरचा आणि एक माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवरचा.

झालं असं की आमच्या ह्यांना हँडीकॅमचं भारी वेड. मुलाची मुंज, गावचे गणपती, दिराचं लग्न, पावसाळ्यात खारघरला पांडवकड्याला गेलो होतो ते, सगळं त्या छोट्या डीव्ही कॅसेटांवर. हे गेले आणि मागे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ४५ कॅसेट राहिल्या, कॅमेरा तर कधीचाच बंद पडलेला. शेवटी ठाण्याला एकाकडे देऊन त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. तासाभराची एक कॅसेट म्हणजे साधारण १३ जीबी, तर ४५ चे झाले ५८५, त्यात इतक्या वर्षांचे फोटो धरून ६४० जीबी भरले. भाचा म्हणाला, मावशी, हे सगळं एकाच हार्डडिस्कवर ठेवू नकोस, हातातून पडली की संपलं. म्हणून त्याने मला तो नॅसचा डबा घ्यायला लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नॅस म्हणजे घरातलीच एक छोटी तिजोरी समजा, केबलने राउटरला जोडायची, आत दोन हार्डडिस्क, एकीवर जे लिहिलं जातं तेच आपोआप दुसरीवर, आणि घरातल्या कुठल्याही मोबाईल-लॅपटॉपवरून वायफायने त्यात फाईली टाकता येतात. (चुकून डिलीट केलं तर मात्र दोन्हीकडून जातं, म्हणून मूळ हार्डडिस्क मी नंतर मुलाकडे पुण्याला पाठवून दिली, ते वेगळं.)

भाच्याने सगळं जोडून दिलं, चहा घेतला आणि तो घणसोलीला गेला. मी हौसेने हार्डडिस्क लॅपटॉपला लावली, सगळे फोल्डर उचलले आणि नॅसवर टाकले. स्पीड दिसतोय सेकंदाला ३ एमबी. मला वाटलं सुरुवात आहे, वाढेल. चहा झाला, कुकर झाला, मालिका झाली, तरी ३ च. कागदावर भागाकार केला तर ६४० जीबीला ५९ तास. अडीच दिवस! तेवढा वेळ लॅपटॉप उघडा ठेवून बसायचं, आणि मध्ये लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

साहजिकच मी इंटरनेटवाल्यांना फोन लावला. कंपनीचं नाव लिहित नाही, कारण नंतर चार ठिकाणी विचारलं तर वेगवेगळ्या कंपन्यांचं गिऱ्हाईक असूनही सगळ्यांची गोष्ट एकच निघाली. कस्टमर केअरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅडम तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, ३०० चा घ्या, फास्ट होईल. मी घेतला. महिन्याला साडेतीनशे रुपये जास्त. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर स्पीड ३ एमबी. पुन्हा फोन, मग माणूस आला, राउटरच्या शेजारी उभा राहून स्वतःच्या मोबाईलवर स्पीडटेस्ट लावली, काटा भर्रकन वर गेला, म्हणाला, मॅडम नेट तर मस्त चालतंय, तुमच्या डब्यातच प्रॉब्लेम आहे. मग डबा विकणाऱ्या दुकानात फोन केला, तर तो म्हणतो डबा चांगला आहे, तुमच्या घरात वायफाय पोचत नसेल, बूस्टर लावा. दोन हजाराचा बूस्टर आणला, पॅसेजमध्ये लावला, मोबाईलवर वायफायच्या सगळ्या कांड्या भरल्या आणि स्पीड झाला दीड एमबी. म्हणजे होता त्याच्याही निम्मा! पैसे भरून. काढून ठेवला.

आता ज्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो दिवस सांगते. जुलैत आमच्या सेक्टरमध्ये नेहमीप्रमाणे रस्ता खोदला आणि कुणाची तरी फायबर तोडली. राउटरवर लाल दिवा लुकलुकायला लागला, व्हॉट्सअॅप बंद, सोसायटीच्या ग्रुपवर सगळे मोबाईल डेटा लावून शिव्या देतायत. आणि माझ्या लॅपटॉपवर कॉपी चालूच होती! ३ एमबी, तसूभर कमी नाही. मी दोनदा उठून राउटरचा लाल दिवा बघून आले. इंटरनेट नाही आणि तरी स्पीड तोच, म्हणजे ह्या कामाचा इंटरनेटशी संबंधच नाही, लॅपटॉपवरून फाईल राउटरकडे जाते आणि राउटरकडून शेजारच्या डब्यात, घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊलच टाकत नाही. मग ते साडेतीनशे रुपये मी कशासाठी भरत होते? घरातल्या माठातून तांब्याने पाणी घेताना वेळ लागतोय म्हणून महापालिकेकडे मोठं कनेक्शन मागण्यातला प्रकार झाला हा. आणि हे कस्टमर केअरच्या त्या मुलीला माहीत नसेल असं एकवेळ समजू शकते, घरी आलेल्या माणसालाही माहीत नसावं?

आमच्या खालच्या मजल्यावर एक मुलगी राहते, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, ऐरोलीला कॉलेजला जाते. तिला बोलावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य काय बोलली तर, काकू, हार्डडिस्क थेट डब्याच्या मागे यूएसबीला का नाही लावली? मी बघतच राहिले. डब्याच्या पाठीमागे यूएसबीचं पोर्ट होतं, महिनाभर मी त्याच्यावरून फडकं मारत होते. रात्री जेवणं झाल्यावर हार्डडिस्क तिथे लावली, डब्याच्या आतल्या आतच कॉपी करायला सांगितलं, आणि साडेअकराला झोपायला जाताना सगळे व्हिडिओ गेलेले होते, फोटोंना थोडा वेळ लागला. तेव्हा ज्यांच्याकडे असा मोठा गठ्ठा एकदाच टाकायचा असेल त्यांनी वायफायच्या नादाला न लागता आधी हेच करावं, पुढचं पत्र वाचलं नाही तरी चालेल.

पण मी म्हटलं ना, माझा रोग. काम झालं, हिशेब लागला नव्हता. इंटरनेटचा संबंध नाही हे खरं, पण मग घरातल्या घरातही स्पीड ३ च का, बाकीचा गेला कुठे? सिडकोच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्याला लिकेज शोधायची सवय असतेच, वरच्याचं बाथरूम म्हणावं तर वरचा म्हणतो माझं कोरडं आहे, आणि शेवटी पाणी तिसऱ्याच भिंतीतून येत असतं. तसंच निघालं हेही, एक नाही तर तीन गळत्या, एकीच्या मागे एक लपलेल्या.

गळत्यांच्या आधी एककाचा घोळ. प्लॅन मोजतात मेगाबिटमध्ये आणि फाईल कॉपी होताना लॅपटॉप दाखवतो मेगाबाईटमध्ये, आणि ८ बिटांचा एक बाईट होतो. माझी आई शेवटपर्यंत आण्यात हिशेब करायची, चार आणे म्हणजे पंचवीस पैसे हे तिच्याकडून शिकले, त्यामुळे मला हे समजायला वेळ लागला नाही, पण जाहिरातीत कुणी हे सांगत नाही. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, आणि फाईलीबरोबर पत्ता, पोचपावती वगैरे जे जातं ते वजा केलं की हातात ११ च्या आसपास. ठीक. पण घरातल्या रस्त्यावर मला तेवढे ११ तरी कुठे मिळत होते?

मुलीने आपला लॅपटॉप केबलने राउटरला जोडला, माझा वायफायवर ठेवला आणि दोन्हीकडे आयपर्फ नावाचं एक फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं. ह्यात हार्डडिस्कचा संबंध येत नाही, नुसता मधला रस्ता मोजला जातो. आकडा आला २६ मेगाबिट. मी तिथल्या तिथे आठाने भागलं, सव्वातीन. टॅली! म्हणजे डबा निर्दोष, लॅपटॉपची डिस्क निर्दोष, चोर वायफायमध्ये. तीस वर्षांत ट्रायल बॅलन्स जुळल्यावर जो आनंद व्हायचा तोच झाला, खोटं नाही सांगत.

मग तिने लॅपटॉपच्या वायफायच्या सेटिंगमध्ये प्रॉपर्टीज उघडून दाखवलं (विंडोजमध्ये कुणालाही बघता येतं), तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं, बँड (म्हणजे वायफाय हवेतल्या कुठल्या पट्ट्यात बोलतं ते) २.४ गिगाहर्ट्झ, लिंक स्पीड ७२. म्हणजे हा रस्ताच मुळात ७२ चा. आणि वायफायचा नियम असा की हवेत एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, आमच्या सोसायटीच्या जनरल बॉडीच्या बरोबर उलट. आणि बोलणारे फक्त माझ्या घरातले नाहीत. मोबाईलवर एक अॅप टाकून बघितलं तर माझ्या बेडरूममध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांची मिळून २७ वायफाय दिसत होती! २.४ मध्ये चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातल्या गल्ल्या, तसे तेरा, पण ते एकमेकांना इतके चिकटून असतात की एकमेकांवर न चढणारे तीनच धरतात, १, ६ आणि ११. म्हणजे २७ बिऱ्हाडं आणि तीन नळ. त्यात समोरच्यांचं वायफाय ४ नंबरवर बसलेलं, ते १ ला पण त्रास देतं आणि ६ ला पण. वर मायक्रोवेव्ह. तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, मुलीने मुद्दाम कपभर पाणी तापवायला ठेवलं, तर माझा स्पीड ३ वरून एकच्या खाली आला आणि टिंग वाजल्यावर पुन्हा ३. हे मी दोनदा करून पाहिलं, गंमत वाटली म्हणून.

बूस्टरचं कोडंही इथेच सुटलं. बूस्टर काय करतो, लॅपटॉपचं म्हणणं आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा राउटरला सांगतो, त्याच हवेत, त्याच चॅनेलवर. म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली जाते, तर वेळ दुप्पट लागणारच. कांड्या भरलेल्या दिसतात त्या बूस्टरपर्यंतच्या. दुकानदाराने हे सांगायला हवं होतं.

उपाय म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. आपल्याकडे २०१८ साली सरकारने ह्या पट्ट्यातली बरीच जागा विनापरवाना वापरायला खुली केली, तिथे चॅनेल पुष्कळ आणि रुंद, आणि भिंतीपलीकडे आवाज कमी जातो त्यामुळे शेजाऱ्यांची कटकटही कमी. माझ्या राउटरला ५ गिगाहर्ट्झ होतंच की! पण दोन्हींना एकच नाव दिलेलं असल्यामुळे लॅपटॉप आपला जाऊन २.४ वर बसायचा, आणि आम्हाला कसं कळणार. मुलीने राउटरच्या पेजवर जाऊन ५ वाल्याला वेगळं नाव दिलं, चॅनेल ३६ ठरवून दिला, कारण ५२ पासून पुढचे काही चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात, राउटरला रडारची चाहूल लागली की तो चॅनेल सोडून पळतो. (आमचे शेजारचे काका नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून सगळ्याच गोष्टींचं खापर विमानांवर फोडतात, त्यांना हे सांगायचं नाही असं आम्ही ठरवलंय.)

लिंक स्पीड ७२ चा ८६६ झाला. मी मोजायला एक कॅसेट ठरवली होती, २००४ चं गणपती विसर्जन, बरोबर १३ जीबी. ३ च्या स्पीडला तिला ७२ मिनिटं लागायची, बूस्टरवर तर दोन तास चोवीस मिनिटं. आता ८६६ म्हटल्यावर मी कॉपी लावली आणि घड्याळ धरून बसले. स्पीड चढला... आणि ११.२ ला थांबला. एकोणीस मिनिटं. सुधारणा झाली हे खरं, पण हा आकडा बघा, ११.२. हलायला तयार नाही, मोबाईल बाजूला नेला, मायक्रोवेव्ह लावला, लॅपटॉप अगदी राउटरला चिकटवला, तरी ११.२. वायफायचा आकडा नेहमी वरखाली होतो, इतका सरळ रेषेत राहत नाही. मुलगी हसली, म्हणाली काकू हा आकडा ओळखीचा आहे. आणि माझ्याही लक्षात आलं, वरचाच भागाकार! १०० भागिले ८, वजा खर्च.

आता मी ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय तो भाग.

आम्ही राउटर उलटा केला. खाली जे स्टिकर असतं त्यावर भिंग लावून वाचावं लागेल एवढ्या अक्षरात होतं, १ जीई + ३ एफई. अर्थ असा की मागे जी चार एकसारखी दिसणारी पोर्टं आहेत त्यातलं एकच गिगाबिटचं, म्हणजे १००० चं, बाकी तीन १०० चीच. भाच्याने बिचाऱ्याने नॅस जोडला होता तिसऱ्यात, कारण ते मोकळं होतं. चारही पोर्टं सारखी, रंग सारखा, नुसतं लॅन १ ते ४ लिहिलेलं. म्हणजे ह्या कंपनीने मला ३०० चा प्लॅन विकला, महिना साडेतीनशे जास्त घेतले, आणि जो राउटर दिला त्याच्या चारातल्या तीन पोर्टांतून ३०० येऊच शकत नाहीत! नॅस सोडा, उद्या कुणी टीव्ही नाहीतर कॉम्प्युटर केबलने त्या पोर्टात लावला तर त्यालाही ९५ च्या वर मिळणार नाही, मग प्लॅन हजारचा का असेना. दुधाचं कूपन अर्ध्या लिटरचं आणि भांडं पावशेराचं. फोन करून विचारलं, तर उत्तर, मॅडम आमच्या सिस्टिममध्ये तुम्हाला पूर्ण स्पीड दिसतोय. तुमच्या सिस्टिममध्ये दिसून मला काय उपयोग?

नॅसची केबल काढून त्या एका गिगाबिटच्या पोर्टात लावली. परत कॅसेट. परत ११.२!

इथे मी हात टेकले होते, खरंच. पण मुलीने डब्याचं सेटिंगचं पान उघडलं, तिथे अजूनही नेटवर्क स्पीड १०० दाखवत होता, म्हणजे तिसरी गळती केबलमध्ये. ही केबल दारामागून चपलांच्या रॅकच्या पायाखालून नेलेली, दार उघडलं की रॅक सरकतो आणि केबलवर बसतो. ह्या केबलच्या आत आठ तारा असतात, चार जोड्या. १०० च्या स्पीडला त्यातल्या चारच लागतात, गिगाबिटला आठही. त्यामुळे न लागणाऱ्या चारातली एखादी तुटली तरी केबल बंद पडत नाही, दिवा लागतो, सगळं चालतं, फक्त दोन्ही बाजू मुकाट्याने १०० वर येऊन बसतात, कुणाला सांगत नाहीत. आम्ही रॅकच्या पायाखालचा भाग बोटांनी चाचपला तर प्लास्टिक चपटं होऊन आतल्या तारा टोचत होत्या. दोनशे रुपयांची नवीन केबल आणली, वाशीच्या दुकानात त्याने आधी स्वस्तातली दाखवली, पण मुलीने सांगून ठेवलं होतं की आत नुसत्या तांब्याच्या तारा असलेली मागा, काहींत अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, त्या नको, तेव्हा थोडे जास्त देऊन ती घेतली.

कॅसेट लावली. ५८! पावणेचार मिनिटांत विसर्जन पार. बहात्तर मिनिटांचं काम. मुलीने नंतर हौस म्हणून स्वतःचा छोटा गिगाबिट स्विच (एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारी पेटी) आणून माझा लॅपटॉपही केबलने जोडला तर १०८ दाखवला, दोन मिनिटं, पण मला काही केबल गळ्यात घालून फिरायचं नाहीये, ५८ पुरे.

अजून दोनतीन गोष्टी राहिल्या. फोटोंचा फोल्डर टाकला की स्पीड पुन्हा वीस-पंचवीसवर येतो, त्यात घाबरायचं काही नाही. प्रत्येक फाईल म्हणजे एक व्हाउचर, उघडा, नोंद करा, बंद करा. एक लाखाचा एक चेक आणि दहा दहा रुपयांची दहा हजार व्हाउचरं, रक्कम तीच, पण दुसऱ्याला कारकून किती वेळ बसेल ते मला विचारा. आणि काहींच्याकडे उलटं होतं, पहिल्यांदा झपाट्याने जातं आणि काही जीबींनंतर धपकन पडतं, तिथे हार्डडिस्कची जात बघावी. काही डिस्कवर माहितीच्या रेघा कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात, एक कौल बदलायचं तर शेजारची पण उचलावी लागतात, त्यामुळे भरपूर लिहायला लागलं की त्या दमतात. मी घेतलेल्या तशा नाहीत, भाच्याने तेवढं बघून घेतलं होतं, त्याला श्रेय द्यायला हवं, पोर्ट चुकलं तरी.

बेडरूममध्ये मात्र अजून २२ च येतात. राउटर मुख्य दाराजवळ, कारण केबलवाल्याला तिथे सोपं पडलं, आणि मध्ये दोन भिंती नि एक लोखंडी कपाट, वर त्याला फूलसाइज आरसा. ५ गिगाहर्ट्झला भिंती सहन होत नाहीत. कपाट हलवलं तर वाढतील म्हणतात, पण ते कपाट माझ्या लग्नातलं आहे आणि जागचं हलवायला चार माणसं लागतात. कॅसेट दहा मिनिटांत जाते, असू दे.

ह्याच्यावरून आठवलं. वाशी-नेरुळात जिकडे तिकडे रिडेव्हलपमेंट चाललंय, ठाण्यात नौपाड्याकडे तर माझ्या बहिणीची बिल्डिंग ह्याच वर्षी खाली झाली. बिल्डरच्या कागदात जिम आहे, योगा डेक आहे, गच्चीवर काय काय आहे. बहिणीला मी एवढंच सांगितलं की प्लॅनवर सह्या करायच्या आधी विचार, दारापासून प्रत्येक खोलीपर्यंत भिंतीतून नेटवर्कच्या केबलसाठी रिकामी नळी टाकताय का. कॅट सिक्स केबल टाकली तर उत्तम, नाहीतर नुसती नळी तरी. भिंत उघडी असताना हा खर्च काहीच नाही, प्लास्टर झाल्यावर कोण फोडतंय. त्यांच्या कमिटीतल्या एकाने विचारलं म्हणे, वायफाय असताना केबल कशाला? त्यांना माझ्याकडे पाठवा म्हटलं, कपाटासकट दाखवते.

आणि कंपन्यांना, सगळ्याच, माझी मागणी फार मोठी नाही. राउटर बसवून जाताना जी पावती देता तिच्यावर मराठीत दोन ओळी लिहा, कुठलं पोर्ट किती स्पीडचं आणि ५ गिगाहर्ट्झ आहे की नाही. २०० च्या वरचा प्लॅन विकत असाल तर चारही पोर्टं गिगाबिटची असलेलाच राउटर द्या. आणि गिऱ्हाईकाने स्लो आहे म्हटलं की प्लॅन वाढवा म्हणायच्या आधी एक प्रश्न विचारा, मॅडम, इंटरनेट स्लो आहे की घरातल्या घरात कॉपी स्लो आहे? एवढा एक प्रश्न विचारला असता तर माझे चार महिन्यांचे चौदाशे आणि बूस्टरचे दोन हजार वाचले असते. आपल्या पेपरात टेक्नॉलॉजीच्या पानावर नवीन मोबाईल कुठला आला ते रोज असतं, एखाद्या दिवशी राउटरची पाठ कशी वाचायची हेही येऊ द्या.

प्लॅन मी परत १०० वर आणायला सांगितलाय, तर म्हणाले चालू मुदत संपेपर्यंत खाली आणता येत नाही. थांबते. तोपर्यंत बूस्टर खोक्यासकट पडून आहे, दुकानदार परत घेत नाही, त्याचं म्हणणं वस्तू चालू आहे मग परत कशाला, आणि त्याचंही बरोबरच आहे, कांड्या अजून पूर्ण भरतात.

आपली,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई